अलिकुदीला जाता येतं

बुधवारी सकाळी आगातीनाचा फोन आला की अलिकुदी बेटावरची रोझिनामामी गेली, तेव्हा लिबोरिओला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. लेकीला बरं म्हणून फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेला आणि फावाचे, मोठ्या वालासारखे, सोललेले दाणे भिजत घातले.

रोझिना म्हणजे त्याच्या मेव्हण्याची, ओनोफ्रिओची बायको. तिच्याशी लिबोरिओचं काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते ओनोफ्रिओशी. मागच्या मार्चमध्ये लिबोरिओची बायको बार्तोला गेली. ओनोफ्रिओ तिचा एकुलता एक भाऊ, आणि तो आला नाही. त्याच्यासाठी लिबोरिओने दफन एक दिवस पुढे ढकललं होतं. चर्चमध्ये शवपेटीच्या उजव्या हाताला माहेरच्या माणसाने उभं राहायचं असतं. ती जागा रिकामी राहिली. लेओनफोर्ते गावच्या बायका आधी त्या जागेकडे बघायच्या, मग लिबोरिओकडे. मर्तिकानंतर तीन दिवस घरात चूल पेटवायची नाही, लोकांनी आणलेलं खायचं, आणि त्यातलं पहिलं ताट माहेरचं. तेही आलं नाही. शेवटी शेजारणीने आपलं सूप पहिलं म्हणून मांडलं. वाढताना ती रडली. ती बार्तोलासाठी रडत नव्हती, ह्या घराची तिला कीव आली होती. बाकी सगळं लिबोरिओ विसरला असता, ते रडणं विसरला नाही.

जहाज मिळालं नाही, असं ओनोफ्रिओने तेव्हा फोनवर सांगितलं होतं. लिबोरिओने चौतीस वर्षं लेओनफोर्ते ते कातानिया बस चालवली होती. गाडी चुकली म्हणणारी माणसं त्याने हजारांनी पाहिली होती आणि त्यातली निम्मी अंथरुणातून उशिरा उठलेली असतात हे त्याला ठाऊक होतं. त्याने मिलाझ्झोच्या बंदरावर तिकीट खिडकीला फोन लावला. खिडकीवरच्या माणसाने वही बघून सांगितलं की दोन्ही दिवशी जहाज वेळेवर सुटलं, वेळेवर परत आलं. लिबोरिओने लगेच मेव्हण्याला फोन करून खोटारडा म्हटलं, आणि त्यानंतर त्याचा फोन कधी उचलला नाही.

पुढे आगातीनाने मामाचा निरोप आणला, की जहाज बेटापर्यंत आलं होतं पण न थांबता वळून गेलं. लिबोरिओ हसला होता. बस चौकापर्यंत येते, लोकांना हात करते आणि परत जाते, असं कधी पाहिलंस का, त्याने लेकीला विचारलं. तिने पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरचीच मुलगी ती. ज्याला यायचं असतं तो येतो, हे बापाचं वाक्य ऐकत ती मोठी झाली होती.

बार्तोला गेल्यावर लोकांना वाटलं होतं, हा माणूस आता काही टिकत नाही. तो टिकला. सकाळी डोळे उघडले की आधी ओनोफ्रिओ आठवायचा, आणि त्या रागावर तो उठायचा, दाढी करायचा, दूध तापवायचा. पलंगाची दुसरी बाजू त्यानंतर दिसायची.

आता ओनोफ्रिओच्या घरात चूल विझली होती. शोकाच्या घरात आलेलं ताट परत पाठवता येत नाही, आणणारा कोणीही असो. लिबोरिओ ताट घेऊन जाणार होता. सगळ्या बेटासमोर ते ओनोफ्रिओच्या पुढ्यात ठेवणार होता आणि मी कसा आलो ते सांगणार होता. एवढंच. अलिकुदीला जाता येतं, म्हणजे अलिकुदीहून येताही येतं. ह्याच्यावर ओनोफ्रिओ काय बोलणार होता?

आगातीनाने मिलाझ्झोपर्यंत मोटारीने सोडते म्हटलं. त्याने नको सांगितलं. मोटारीने गेलो तर तो म्हणेल, तुमच्याकडे मोटार होती. तिकीट काढून जायचं, कोणीही जाईल तसं. शुक्रवारी सकाळी दफन होतं. गुरुवारी जायचं, शुक्रवारच्या जहाजाने परत फिरायचं, कारण रविवारी बार्तोलाच्या वर्षाची प्रार्थना सांगितलेली होती.

बुधवारी रात्री त्याने फावाचं घट्ट वरण घोटलं. बार्तोला घोटायची तसंच, रानबडीशेप घालून, लाकडी डाव उभा राहीपर्यंत. गार झालं की ते खरवसासारखं कापता येतं, सांडत नाही. ते त्याने झाकणाच्या डब्यात ओतलं आणि डबा फडक्यात बांधला.

गुरुवारी पहाटे सव्वापाचची बस त्याचीच जुनी बस होती. चालवणारा पोरगा त्याच्याच हाताखाली शिकलेला. त्याने तिकीट नको म्हटलं तर लिबोरिओने पैसे त्याच्या पुढ्यात ठेवले आणि तिकीट फाडून घेतलं. कातानियाला सात वाजता. तिथून मेस्सिनाची गाडी, पंधरा मिनिटं उशिरा. डबा त्याने मांडीवर घेतला होता. समोरच्या बाईने बराच वेळ त्याच्याकडे बघून शेवटी विचारलंच, एवढं जपून काय नेताय.

"मेव्हण्याचं जेवण," लिबोरिओ म्हणाला.

"नशीबवान आहे बाई तुमचा मेव्हणा. माझा नवरा माझ्या भावाला पाणी विचारत नाही."

लिबोरिओने घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटांचे वीस झाले होते. मेस्सिनाला फलाट बदलताना तो पळाला, ह्या वयात, डबा पोटाशी धरून, आणि दार लागता लागता आत शिरला. मिलाझ्झोचं स्टेशन गावापासून लांब. बंदराची बस त्याच्या डोळ्यांसमोर निघाली. दुसरा कोणी तिथेच बसला असता. लिबोरिओ रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि दोन बोटं स्टिअरिंग धरल्यासारखी वळवली, ड्रायव्हर लोक एकमेकांना करतात तशी. बस थांबली. ड्रायव्हरने दार उघडून विचारलं, कुठला डेपो. लिबोरिओने सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, म्हातारपणी मरायला माझीच बस सापडली का काका, आणि त्याला पुढच्या सीटवर बसवलं.

बंदरावर फळ्यावर लिहिलं होतं की जलद बोट रद्द. आग्नेयेचा वारा सुटला होता, सिरोक्को, सगळ्या बाकांवर बारीक लाल धूळ बसली होती. मोठं जहाज मात्र जाणार होतं. खिडकीवर रांग नव्हती. आतल्या माणसाने तिकीट देताना अलिकुदी शब्दावर थोडं थांबून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, बघू. लिबोरिओला ते बघू आवडलं नाही. त्याने विचारलं, जहाज जाणार की नाही? जाणार, माणूस म्हणाला, जहाज जाणारच.

साडेदहाला जहाज सुटलं. सहा तास. व्हुल्कानो, लिपारी, सालिना. प्रत्येक बेटाला माणसं उतरत गेली, भाज्यांच्या पेट्या उतरत गेल्या, आणि सालिना सुटल्यावर हॉलमध्ये लिबोरिओ आणि गॅस सिलिंडर नेणारे दोघे एवढेच राहिले. फिलिकुदीला ते दोघेही गेले. जहाज आता डोलत होतं. त्याला दोनदा उलटी झाली. दुसऱ्या उलटीनंतर तोंड पुसताना तो मनाशी म्हणाला, हेही सांगायचं. चाळीस वर्षांच्या संसारात तो अलिकुदीला चार वेळा आला होता, चारही वेळा ऑगस्टमध्ये, तेव्हा पाणी ताटातल्यासारखं असायचं आणि बार्तोला कठड्याला टेकून उभी राहायची. तिला बेट दिसलं की ती बोलायची थांबायची. ते आठवलं आणि त्याने घाईने ओनोफ्रिओ आठवला.

अलिकुदीला लागताना जरा गडबड झाली. जहाजाची फळी धक्क्यावर टेकली, उचलली, पुन्हा टेकली. खालून दोर धरलेला माणूस शिव्या देत होता. दोन खलाशांनी लिबोरिओला काखेत धरलं, एकाने ओरडून सांगितलं, आता, आजोबा, आता, आणि अक्षरशः फेकल्यासारखं त्याला धक्क्यावर सोडलं. मागे वळून पाहीपर्यंत फळी वर गेलेली होती. लिबोरिओने कपडे झटकले, डबा तपासला आणि घड्याळ पाहिलं. साडेचारला पाच कमी. सव्वापाचपासून म्हणजे अकरा तास दहा मिनिटं. त्याने ते पाठ करून ठेवलं.

दोर धरणाऱ्याचं नाव तानो. धक्क्याचं काम त्याच्याकडे. त्याने लिबोरिओला ओळखलं, पण बार्तोलाचं नाव काढून एवढंच म्हणाला की आज उतरता आलं, तुमचं दैव चांगलं. लिबोरिओने विचारलं, रात्रीपुरती खोली मिळेल का. तानोला नवल वाटलं, कारण वर मेव्हण्याचं घर होतं. पण त्याने किल्ली दिली.

सकाळी दफन झालं. अलिकुदीला रस्ता नाही, पायऱ्याच आहेत. सहा जणांनी रोझिनाची पेटी खांद्यावर घेऊन वर नेली आणि लिबोरिओ मागून चढला. ओनोफ्रिओने त्याला चर्चच्या दारात पाहिलं. तो साठीचा, लिबोरिओपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण पाठ वाकली होती. तो पुढे आला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही आलात." लिबोरिओने हात दिला आणि उत्तर दिलं नाही. उत्तर तो जेवणाच्या वेळी देणार होता.

घरात वीस-बावीस माणसं मावली, म्हणजे जवळजवळ सगळं बेट. बायकांनी आणलेल्या थाळ्या टेबलावर होत्या. लिबोरिओने डबा सोडला, वरणाच्या जाड वड्या कापल्या, वर तेल सोडलं आणि ताट ओनोफ्रिओच्या समोर सगळ्यात आधी ठेवलं. रोझिनाचं माहेर पुढच्याच घरात होतं, पहिलं ताट त्यांचं असायला हवं होतं. रोझिनाची म्हातारी मावशी, नून्त्सिया, आपली थाळी हातात धरून तशीच उभी राहिली. 

लिबोरिओ बसला नाही. त्याने ठरवल्याप्रमाणे सांगितलं, आवाज न चढवता, थांबे सांगतात तसं.

"लेओनफोर्ते सव्वापाच. कातानिया सात. मेस्सिना नऊ. मिलाझ्झो पावणेदहा. साडेदहाचं जहाज, काल संध्याकाळी चार पंचवीसला इथे. वारा होता, जलद बोट बंद होती. मी सत्तरीचा आहे. माझ्या बायकोची भावजय गेली म्हणून आलो. ज्याला यायचं असतं तो येतो, ओनोफ्रिओ. खा."

कोणी कोणाकडे पाहिलं नाही. नून्त्सिया मावशीने थाळी खाली ठेवली आणि म्हणाली, "बस चालवायचात ना तुम्ही? मग बरोबर. बसच्या खाली रस्ता असतो." दोघंतिघं हसू दाबत खाली बघायला लागले. लिबोरिओने लक्ष दिलं नाही. तो ओनोफ्रिओकडे बघत होता. ओनोफ्रिओने काटा उचलला. त्याने वड्या एकेक करून खाल्ल्या, सगळ्या, शेवटी ताट पावाने पुसून. त्याचे कान लाल झाले होते. खाऊन झाल्यावर त्याने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाला, "अगदी बार्तोलासारखं झालंय." मग तो उठून आतल्या खोलीत गेला.

लिबोरिओ पायऱ्या उतरून खाली आला तेव्हा त्याला भूक लागली होती, खरी, वर्षभरात लागली नव्हती तशी. तानोकडून पाव आणि चीज घेऊन त्याने बाकावर बसून खाल्लं. चांगलं झालं, त्याला वाटलं. बार्तोलाला आवडलं नसतं, पण बार्तोला नव्हती.

चार वाजता तो पिशवी घेऊन धक्क्याच्या टोकाला उभा राहिला. तिकीट खिशात होतं. वारा कालच्यापेक्षा वाढला होता, पण ऊन होतं. तानो म्हणाला, एवढ्या पुढे उभं राहू नका, भिजाल. साडेचारला जहाज फिलिकुदीच्या बाजूने दिसलं आणि लिबोरिओने घड्याळाकडे बघून मान हलवली. वेळेवर.

जहाज जवळ आलं. एवढं जवळ की कठड्याला उभा असलेला खलाशी संत्रं सोलत होता तेही दिसलं. तानोने दोर झेलायला हात वर केले. जहाजाने मागची बाजू धक्क्याकडे वळवली, फळी खाली यायला लागली, आणि खालून लाट आली. अख्खं जहाज वर उचललं गेलं आणि फळीची कड दगडावर आदळली. फळी वर. पुन्हा एकदा प्रयत्न. पुन्हा लाट. ह्या वेळी तानोच हात आडवे करून ओरडला, नको, नको. जहाजाने भोंगा दिला. मग पाणी ढवळत ते हळूहळू वळलं आणि निघून गेलं. संत्रं सोलणाऱ्याने लिबोरिओला हात केला.

लिबोरिओ खिशातल्या तिकिटावर हात ठेवून तसाच उभा होता. त्याला वाटलं, मोठा वळसा घेऊन परत येईल. बरंच लांब गेल्यावरही त्याला तसं वाटत होतं.

तानो दोर गुंडाळत होता. लिबोरिओने त्याला विचारलं, हे तिकडे वहीत काय लिहितात? तानोला प्रश्न कळला नाही. मग म्हणाला, काय लिहिणार, सुटल्याची वेळ, परतल्याची वेळ. न थांबता गेलं तर लवकरच पोचतं ते. लिबोरिओने मागच्या मार्चबद्दल विचारलं.  तानोने दोर खाली ठेवला.

"दोन दिवस ओनोफ्रिओ इथे उभा होता, तुम्ही उभे आहात तिथेच. काळा कोट घालून, हातात टोपली, त्यात रोझिनाने केलेलं जेवण. दोन्ही दिवस हे असंच. दुसऱ्या दिवशी जहाज गेल्यावर म्हणाला, तुझ्या मासेमारीच्या होडीने सोड फिलिकुदीपर्यंत. मी नाही म्हटलं. मला पोरं आहेत. वर्षभर तो माझ्याशीही बोलला नाही."

लिबोरिओ बाकावर बसला. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटेल असं त्याला दिसत होतं. आत्ता वाटली ती भीती. उद्या सकाळी डोळे उघडल्यावर आधी कोणाला आठवायचं, हे त्याला कळेना.

वरच्या घरांतून धक्का दिसतो. थोड्या वेळाने ओनोफ्रिओ पायऱ्या उतरताना दिसला, सावकाश, एकेक पायरी, घाई नसलेल्या माणसासारखा. येऊन तो दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर बसला. 

"वर्षभर हे मागत होतो, दाजी," तो म्हणाला. "तुम्ही धक्क्यावर उभे आहात आणि जहाज वळतंय. आज तुमचं ताट संपवून आत गेलो, बायकोच्या पलंगावर बसलो, आज तिला पुरलं, आणि देवाकडे काय मागितलं? वारा पडू देऊ नको."

 हा माणूस लिबोरिओला आयुष्यात पहिल्यांदा नीट कळला.

"हा वारा सोमवारपर्यंत आहे. रविवारी माझ्या बहिणीची प्रार्थना. तुम्ही नसणार, मी नसणार." ओनोफ्रिओने लिबोरिओच्या कोटाच्या खिशाकडे बोट दाखवलं, जिथे मोबाइल होता. "आगातीनाला कळवा. मी बसतो इथे."

म्हणजे त्याला ते ऐकायचं होतं. लिबोरिओने लेकीला फोन लावला आणि सांगितलं की जहाज मिळालं नाही. हे शब्द तोंडातून बाहेर पडताना त्याला ते ओळखीचे वाटले.

 आगातीनाने सांगितलं की तिने आत्ताच बंदरावर फोन केला होता, तिथे तर जहाज गेलं म्हणाले. तिच्या आवाजात राग नव्हता, संशय होता. मामाशी भांडण उरकायला राहताय का, तिने विचारलं. आईच्या प्रार्थनेपेक्षा ते महत्त्वाचं आहे का?

 लिबोरिओने फोन ओनोफ्रिओपुढे धरला. तूच सांग तिला, तो म्हणाला. ओनोफ्रिओने फोन घेतला, कानाला लावला आणि लिबोरिओच्या डोळ्यांत बघत म्हणाला, "आगाती, मामा बोलतोय. जहाज आलं होतं. वेळेवर आलं होतं." आणि फोन परत दिला.

लिबोरिओला राग आला नाही. ओनोफ्रिओच्या जागी तो असता तर त्यानेही नेमकं हेच केलं असतं, याहून एक शब्द जास्त बोलला नसता.

ओनोफ्रिओ उठला. त्याने लिबोरिओची पिशवी उचलली, या म्हणाला नाही, वळून पाहिलं नाही, आणि पायऱ्या चढायला लागला. पिशवीत बदलायचा सदरा होता, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. तिच्यामागे जाणं भाग होतं.

"पप्पा," फोनमधून आगातीना म्हणत होती, "आलं होतं तर मग तुम्ही कुठे होतात?"

लिबोरिओ पहिल्या पायरीवर थांबला, दम घेतला आणि तिला सांगायला लागला. आधी लाट कशी येते ते सांगितलं, मग फळी, मग तानोचे आडवे झालेले हात, मग संत्रं सोलणारा खलाशी. सांगताना त्याचं त्यालाच ते रचलेलं वाटत होतं. वर ओनोफ्रिओ एका वळणावर दिसेनासा झाला. लिबोरिओने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, हळू, लहान मुलीला सांगतात तसं, आणि पलीकडून ती हूं म्हणायचीही थांबली होती.